समुद्रतळाचा फोटो-नकाशा कसा बनवायचा: पाण्याखालच्या रोबोसोबत पहिली पावलं

समुद्राच्या तळाचे फोटो काढणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. दोन हातांनी उचलता येईल एवढा रोबो, त्यात बसवलेला कॅमेरा, बाजूला दोन-चार दिवे आणि वर नावेत लॅपटॉप, एवढ्या सामानावर कोणीही नवशिका चांगली चित्रं मिळवू शकतो. खरी अडचण त्यानंतर येते. हजारभर फोटो गाठीशी आहेत, पण त्यातला कुठला फोटो तळावरच्या कुठल्या जागेचा हे सांगता येत नाही, अशी अवस्था झाली तर त्या फोटोंचा नकाशा होत नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: प्रत्येक फोटोसोबत त्याची जागा आणि वेळ नोंदलेली असलीच पाहिजे. रोबो निवडण्यापासून तो पाण्यात सोडेपर्यंतचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घासून बघा.

रोबोच कशाला?

जहाजाच्या बुडाला लावलेला मल्टीबीम सोनार एकाच वेळी शेकडो ध्वनिझोत तळाकडे सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून खोली काढतो. मोठा प्रदेश भराभर मोजायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. पण झोत जितका खोल जातो तितका पसरतो. एक अंश रुंदीचा झोत ३,८०० मीटर खोलीवर पोहोचेपर्यंत सुमारे ६६ मीटर रुंद झालेला असतो. टायटॅनिक साधारण याच खोलीवर पडलेली आहे. २६९ मीटर लांबीचं ते जहाज अखंड राहिलं असतं तरी अशा नकाशावर चार-पाच ठिपक्यांत संपलं असतं. तोच सोनार रोबोवर बसवून तळापासून ५० मीटरवर नेला की एका ठिपक्यात एक मीटरहून कमी जागा येते, आणि कॅमेरा दोन मीटरवर नेला की मिलिमीटरमध्ये बोलता येतं. जपानची निप्पॉन फाउंडेशन आणि महासागरांच्या खोलीचे नकाशे करणारी जेब्को यांचा ‘सीबेड २०३०’ हा उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तेव्हा जगाच्या समुद्रतळापैकी जेमतेम ६ टक्के भाग आधुनिक पद्धतीने मोजलेला होता. आता तो आकडा एक चतुर्थांशाच्या थोडा पुढे गेला आहे. हीसुद्धा खोलीची मोजणी झाली. फोटो काढलेला तळ त्याच्या तुलनेत अगदीच थोडा.

जवळ जायचं तर पाण्याचे नियम पाळावे लागतात. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, मागोमाग नारिंगी आणि पिवळा जातो, शेवटी निळा-हिरवा उरतो. २०० मीटरखाली सूर्यप्रकाश जवळजवळ नसतोच. रेडिओ लहरी तर खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, त्यामुळे खाली जीपीएस नाही आणि वायफायही नाही. दूरवर पोहोचतो तो फक्त आवाज, सेकंदाला साधारण १,५०० मीटर वेगाने. ३,००० मीटर खोल असलेल्या रोबोला हाक मारून उत्तर यायला चार सेकंद लागतात, आणि ध्वनीवर चालणाऱ्या मोडेममधून इतकी थोडी माहिती जाते की थेट व्हिडिओचा विचारही करायला नको. शिवाय दर १० मीटरला सुमारे एक वातावरण एवढा दाब वाढत जातो. रोबोचं शरीर, त्याची केबल, दिवे, हिशेब, सगळं या चार गोष्टींनी ठरतं.

पायरी १: आधी प्रश्न ठरवा

‘तळाचा नकाशा करायचा आहे’ एवढं पुरत नाही. किती जागा, आणि त्यात सगळ्यात लहान काय ओळखू यायला हवं, हे दोन आकडे कागदावर लिहा. प्रवाळाच्या फांद्या मोजायच्या असतील तर मिलिमीटर लागतात. बुडालेल्या होडीची ठेवण पाहायची असेल तर सेंटिमीटर भागतात. वाळू कुठे संपते आणि खडक कुठे सुरू होतो एवढंच हवं असेल तर कॅमेऱ्याची गरज नसेलही, साइडस्कॅन सोनार, म्हणजे दोन्ही बाजूंना आवाज सोडून प्रतिध्वनींवरून तळाचं चित्र काढणारा सोनार, पुरेल. माझा ठोकताळा असा: जी वस्तू ओळखायची आहे ती फोटोत किमान दहा पिक्सेल रुंद दिसली पाहिजे.

जागा मोठी आणि वस्तू लहान असेल तर काम दोन टप्प्यांत करा. जून २००९ मध्ये अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ विमानाचे अवशेष एप्रिल २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवर सापडले, ते याच रीतीने. रेमस ६००० जातीच्या स्वयंचलित रोबोंनी आधी साइडस्कॅन सोनारने मोठा पट्टा चाळला, संशयास्पद जागा सापडल्यावर खाली उतरून तिचे फोटो काढले. सोनार शोधतो आणि कॅमेरा खात्री करतो, ही विभागणी छोट्या कामातही तशीच चालते.

साइडस्कॅनच्या चित्रात वस्तूपेक्षा तिची सावली जास्त बोलते, हे जाता जाता सांगून ठेवतो. सोनार तळापासून १० मीटर वर असेल, सावलीचं टोक त्याच्यापासून ५० मीटरवर पडलं असेल आणि सावली ५ मीटर लांब असेल, तर वस्तूची उंची साधारण एक मीटर. शाळेत शिकलेले समरूप त्रिकोण इथे कामाला येतात.

पायरी २: रोबो निवडा

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे दोरीला बांधून सोडलेला कॅमेरा किंवा नावेमागे ओढलेली कॅमेऱ्याची घसरगाडी. याला कमी लेखू नका. १९८५ साली रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या चमूला टायटॅनिक दिसली ती ‘आर्गो’ या ओढत नेलेल्या कॅमेरा-घसरगाडीतूनच.

दुसरा प्रकार आरओव्ही, म्हणजे केबलने वर जोडलेला आणि माणसाने चालवलेला रोबो. केबलमधून थेट चित्र मिळतं, हवं तिथे थांबता येतं, शंका आली तर मागे वळता येतं. तिसरा एयूव्ही, म्हणजे मोकळा पोहणारा स्वयंचलित रोबो. मार्ग आधीच भरून द्यायचा, मग तो आपला आपण जाऊन येतो. ही कल्पना जुनी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात ‘स्पर्व्ह’ या पहिल्या एयूव्हीचं काम १९५७ मध्येच सुरू झालं होतं. मोठ्या सपाट पट्ट्यांसाठी एयूव्हीसारखं दुसरं साधन नाही, कारण केबलची ओढ नसल्यामुळे तो सरळ आणि एकाच उंचीवरून चालतो. या दोन्हींच्या मधलीही यंत्रं आहेत.

नवख्याने आरओव्हीपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. चूक झाली की ती पडद्यावर लगेच दिसते. एयूव्हीची चूक तो परत आल्यावर कळते, आणि न आल्यास कळतही नाही. ब्ल्यूआरओव्ही२ सारखे रोबो, त्यावरचं आर्डूसब हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि नावेतल्या लॅपटॉपवरून रोबो चालवायचं क्यूग्राउंडकंट्रोल, ही जुळणी जगभर वापरात आहे. त्यामुळे अडलात तर त्याच अडचणीतून गेलेला कोणी ना कोणी सापडतो. घेताना तीन गोष्टी बघा: खोली आपोआप धरून ठेवण्याची सोय, बाहेरून नवे सेन्सर जोडता येतील अशी मोकळी दारं, आणि बाजूला सरकू शकेल अशी थ्रस्टरची, म्हणजे रोबोला ढकलणाऱ्या पंख्यांची मांडणी. तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. आडवा प्रवाह लागला की ज्याला बाजूला सरकता येत नाही तो रोबो तिरका होऊन चालतो आणि फोटोंच्या सरळ ओळी बिघडतात.

पायरी ३: पाण्यात उतरण्याआधी गणित

समजा कॅमेरा सरळ खाली बघतोय, पाण्यातला त्याचा दृष्टिकोन आडवा ६० अंश आणि उभा ४५ अंश आहे, आणि रोबो तळापासून २ मीटर वर आहे. मग एका फोटोत सुमारे २.३ मीटर रुंद आणि १.६५ मीटर लांब तळ येतो. फोटो ४,००० पिक्सेल रुंद असेल तर एक पिक्सेल साधारण ०.६ मिलिमीटरचा. पायरी १ मध्ये लिहिलेला आकडा इथे तपासा. पुरत नसेल तर खाली उतरा, गरजेपेक्षा जास्त मिळत असेल तर वर जा, काम लवकर उरकेल.

फोटो एकमेकांवर चढले पाहिजेत, नाहीतर सॉफ्टवेअरला ते जुळवता येत नाहीत. चालीच्या दिशेने ७५ टक्के आणि शेजारच्या ओळीशी ५० टक्के चढ ठेवा. वरच्या उदाहरणात दर ४० सेंटिमीटरला एक फोटो आणि दोन ओळींत १.१५ मीटर अंतर. सेकंदाला अर्धा मीटर वेग असेल तर दर ०.८ सेकंदाला एक फोटो. २० मीटर बाय २० मीटरच्या चौकोनाला १८ ओळी लागतात, म्हणजे ३६० मीटरची चाल, १२ मिनिटं आणि सुमारे ९०० फोटो. वळणांना लागणारा वेळ वेगळा. एका फोटोला १० मेगाबाइट धरले तर ९ गीगाबाइट. कार्डावर आणि बॅटरीत याच्या दुप्पट जागा शिल्लक आहे ना, हे आदल्या रात्रीच बघा.

शटरचा हिशेबही इथेच करून टाका. अर्धा मीटर वेगात १/५०० सेकंदाच्या उघडझापीत रोबो एक मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ दोन पिक्सेल. फोटो पुसट येणारच. १/१००० केलं तर चालतं, पण मग प्रकाश दुप्पट लागतो. दिवे वाढवा किंवा वेग कमी करा. नवशिक्याने वेग कमी करणंच बरं.

पायरी ४: कॅमेरा आणि दिवे

सपाट काचेतून पाण्यात बघितलं की सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं, कारण प्रकाश काचेपाशी वाकतो. हवेत ८० अंश बघणारी लेन्स सपाट काचेमागे पाण्यात जेमतेम ५८ अंश बघते. घुमटाकार काच हे नुकसान टाळते, पण लेन्सचा प्रकाशमध्य घुमटाच्या केंद्रावरच बसला पाहिजे; थोडा हलला तरी कडा बिघडतात. म्हणून लेन्सचं कॅलिब्रेशन, म्हणजे ती चित्र किती वाकवते याचं मोजमाप, पाण्यातच करा. चौकटींचा छापील पट्टा प्लास्टिकच्या ताठ फळीवर चिकटवा, टाकीत बुडवा आणि निरनिराळ्या कोनांतून त्याचे चाळीस-पन्नास फोटो घ्या. हवेत केलेलं कॅलिब्रेशन इथे चालत नाही.

कॅमेऱ्याच्या सगळ्या आपोआप सोयी बंद करा. फोकस पाण्यातच नेमक्या अंतरावर पक्का करा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून तसेच ठेवा. चित्र स्थिर करणारी सोय तर हटकून बंद हवी, कारण ती प्रत्येक चित्र थोडं कापून-सरकवून देते आणि त्यातली भूमिती नासते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न बदललेलं मूळ चित्र, मिळत असेल तर रॉच घ्या.

दिवे कॅमेऱ्याच्या जवळ लावले की पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण समोरून उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. दिवे जमेल तितके बाजूला न्या आणि असे वळवा की दोन्हींचे झोत तळावरच एकत्र येतील. कॅमेऱ्यासमोरचं पाणी अंधारात राहू द्या. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो महागडा कॅमेरा घेऊनही पडत नाही. पाणी गढूळ असेल तर जवळ जाण्याशिवाय इलाज नाही. जितक्या लांबचं दिसतंय त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त अंतर कॅमेरा आणि तळात ठेवू नका.

उथळ पाण्यात, पाचेक मीटरपर्यंत, उलटी अडचण येते. लाटांमुळे तळावर उन्हाची जाळी नाचत असते. प्रत्येक फोटोत ती जाळी वेगळी, त्यामुळे सॉफ्टवेअर गोंधळतं. ढगाळ दिवस निवडा, नाहीतर सकाळी लवकर काम उरका.

पायरी ५: जागा कशी कळणार

कामाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

१९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या बर्फात एन्ड्युरन्स जहाज बुडालं, तेव्हा कप्तान फ्रँक वर्स्ली यांनी सूर्याच्या वेधांवरून जागा नोंदवून ठेवली. सुमारे १०६ वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, साबरटूथ जातीच्या रोबोला ते ३,००८ मीटर खोलीवर सापडलं, नोंदवलेल्या जागेपासून साधारण चार मैल दक्षिणेला. हलत्या बर्फावर, ढगाळ आकाशाखाली घेतलेली ती नोंद इतकी जवळची निघाली याचं मला आजही अप्रूप वाटतं. ती नोंद नसती तर कुठे शोधायचं हेच ठरलं नसतं.

आपल्या रोबोला जागा कळण्याचे मार्ग थोडेच आहेत. खोली दाबाच्या सेन्सरवरून मिळते आणि ती भरवशाची असते. तळापासूनची उंची ऑल्टिमीटर, म्हणजे खाली तोंड केलेला छोटा सोनार सांगतो. दिशा होकायंत्र सांगतं. राहिली आडवी जागा, आणि तीच अवघड. डीव्हीएल नावाचं यंत्र तळाकडे चार ध्वनिझोत सोडून परतीच्या आवाजाच्या बदललेल्या वारंवारतेवरून रोबोचा वेग काढतं. वेग आणि दिशा यांची बेरीज करत गेलं की मार्ग मिळतो. पण प्रत्येक बेरजेत थोडी चूक मिसळते आणि ती वाढत जाते. ही वाढ रोखायला यूएसबीएल लागतं: नावेखाली बसवलेलं यंत्र रोबोवरच्या ट्रान्सपॉन्डरला ध्वनीने विचारतं आणि उत्तराची दिशा व वेळ यांवरून जागा काढतं. त्याची प्रत्येक नोंद थोडी इकडेतिकडे उडते, पण चूक साचत नाही. डीव्हीएल क्षणाक्षणाचा गुळगुळीत मार्ग देतं आणि यूएसबीएल तो मार्ग भरकटू देत नाही, म्हणून मोठ्या मोहिमांत दोन्ही लागतात.

होकायंत्राच्या चुकीचा एक हिशेब करून बघा. दिशा फक्त २ अंश चुकली तर ५० मीटरच्या ओळीच्या शेवटी रोबो सुमारे पावणेदोन मीटर बाजूला गेलेला असतो. आपल्या ओळींत अंतर आहे १.१५ मीटर. म्हणजे मधली एक अख्खी पट्टी सुटते. होकायंत्राचं कॅलिब्रेशन किनाऱ्यावर, लोखंडी सामान आणि गाड्यांपासून लांब करा, आणि दिवे किंवा बॅटरी बदलली की पुन्हा करा. लोखंडी जहाजाच्या अवशेषाजवळ त्यावर विश्वास ठेवूच नका.

डीव्हीएल आणि यूएसबीएल दोन्ही नसतील तरीही लहान चौकोनाचा उत्तम नकाशा होतो. तळावर खुणा मांडा. चार कोपऱ्यांना वजन बांधलेल्या चार ठळक क्रमांकाच्या पाट्या, त्यांच्यामध्ये दर मीटरला रंगीत पट्टी मारलेला, शिसं ओवलेला दोर. पाट्यांमधली अंतरं पाणबुड्याने टेपने मोजावीत, सहाही: चार बाजू आणि दोन कर्ण. कर्ण मोजले नाहीत तर चौकोन तिरका झालाय का ते कळत नाही. प्रत्येक पाटीपाशी रोबो टेकवून खोली नोंदवा. शिवाय अर्ध्या मीटरच्या दोन-तीन मोजपट्ट्या चौकोनात विखरून ठेवा. एवढं केलं की नकाशाला माप, आकार आणि उतार तिन्ही मिळतात. पाट्या वर तरंगणाऱ्या बोयाशी ताठ दोराने जोडून त्या बोयांची जीपीएस नोंद घेतली की जगाच्या नकाशावरची जागाही मिळते, काही मीटरांच्या फरकाने.

आता घड्याळ. कॅमेरा, रोबो, लॅपटॉप आणि जीपीएस, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. अर्धा मीटर वेगात चार सेकंदांचा फरक म्हणजे दोन मीटरची चूक. प्रत्येक बुडीपूर्वी आणि बुडीनंतर जीपीएसच्या पडद्यावरची सेकंदांसह वेळ त्याच कॅमेऱ्याने टिपा. पहिल्या फोटोवरून फरक कळतो, शेवटच्यावरून तो फरक वाढत गेला का हेही कळतं. सगळ्या नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवा.

पायरी ६: टाकीत तयारी

रोबो पाण्यात किंचित हलका ठेवा, म्हणजे थ्रस्टर बंद केले की तो सावकाश वर येईल. यामागे दोन कारणं आहेत. बॅटरी किंवा केबल गेली तर तो आपोआप वर येतो. दुसरं कारण फोटोंच्या दृष्टीने जास्त मोलाचं: हलका रोबो खोली धरून राहायला पाणी वरच्या दिशेने ढकलतो, जड रोबो खालच्या दिशेने. जड रोबोखालचा गाळ उसळून कॅमेऱ्यासमोर येतो आणि बसायला बराच वेळ घेतो.

टाकीत गोडं पाणी असेल तर समुद्रात वजन पुन्हा जुळवावं लागतं. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे दहा लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या रोबोला तिथे सुमारे पाव किलो शिसं जास्त लागतं. वजनं तळाशी, तरंगणारा फोम वर. मग रोबो डुलत नाही.

ओ-रिंगला, म्हणजे झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्याला, वेळ द्या. रिंग बोटांनी काढा, टोकदार हत्याराने नको. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून सावकाश पूर्ण फिरवा. कुठे खाच, चपटेपणा किंवा वाळूचा कण असेल तर बोटाला लागतो. खाचेत एखादा केस अडकला असेल तर तो डोळ्यांना सहज दिसत नाही, उजेड तिरका पाडून बघा. सिलिकॉन ग्रीस इतकंच लावा की रिंग चकाकली पाहिजे. थापलेलं ग्रीस उलट धूळ धरतं. मग हातपंपाने आतली हवा काढून निर्वात चाचणी करा आणि पंधरा मिनिटं काटा हलतो का ते बघा. काटा उतरत असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही. काच धुकू नये म्हणून आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

पायरी ७: पाण्यातला दिवस

तारीख निवडताना भरती-ओहोटीचं कोष्टक आधी उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत मऊ. त्यातही भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी थोडा वेळ थांबतं, फोटोंच्या ओळी त्या वेळात बसवा. काम तास-दोन तास लांबलं तर पाण्याची पातळी बदलते आणि रोबोने दाखवलेली खोलीही, म्हणून भरतीची वेळोवेळी नोंद ठेवा.

तीन माणसं हवीत. एक रोबो चालवतो, एक केबल सांभाळतो, एक नोंदी लिहितो. केबलवाल्याचं काम कमी महत्त्वाचं समजू नका. केबल सैल सोडली की ती खडकात किंवा नावेच्या पंख्यात जाते, ताठ धरली की रोबो ओळीवरून खेचला जातो. नावेचं इंजिन सुरू असताना रोबो पाण्यात नको. आणि आसपास पाणबुडे असतील तर रोबोचे थ्रस्टर त्यांच्यापासून लांब ठेवणं ही चालवणाऱ्याचीच जबाबदारी.

तळावर पोहोचल्यावर आधी एक मिनिट थांबा. दिसतं किती, प्रवाह कुठून येतोय, गाळ उडतोय का, ते बघा. दहा-बारा फोटो घेऊन शक्य असेल तर तिथेच मोठे करून तपासा. मग खोली धरून ठेवण्याची सोय चालू करून पहिली ओळ सुरू करा. शेतात नांगर फिरवावा तशा एकाआड एक उलट दिशेच्या सरळ ओळी घ्यायच्या, शक्यतो प्रवाहाच्या दिशेला समांतर. तळ चढउताराचा असेल तर खोलीऐवजी तळापासूनची उंची कायम ठेवायची. वळण चौकोनाच्या बाहेर घ्या, आत नाही. सगळ्या ओळी झाल्यावर त्यांना काटकोनात तीन-चार ओळी आणखी मारा. या आडव्या ओळी कंटाळवाण्या वाटतात आणि बॅटरी संपत आलेली असते, तरी त्या टाळू नका. पुढे नकाशाचे लांबचे तुकडे एकमेकांना तेच बांधून ठेवतात.

बॅटरी किती उरली की वर यायचं ते आधीच ठरवा आणि पाळा. वूड्स होल संस्थेचा नेरियस हा असामान्य रोबो मे २०१४ मध्ये न्यूझीलंडजवळच्या केरमाडेक गर्तेत ९,९०० मीटर खोलीवर हरवला. इतक्या जाणत्या लोकांच्या हातूनही यंत्र जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक बुडीनंतर कार्ड लगेच काढा, दोन ठिकाणी प्रती करा, मगच पुढची बुडी.

वर आल्यावर रोबो गोड्या पाण्याने धुवा, थ्रस्टर पाण्यात फिरवून आतलं मीठ काढा, आणि बाहेरून पूर्ण कोरडा झाल्याशिवाय झाकण उघडू नका.

पायरी ८: फोटो जुळवणं

आधी पुसट, गाळाचे आणि वळणांवरचे फोटो बाजूला काढा. मग रंग. प्रत्येक फोटोला ठराविक लाल रंग वाढवून भागत नाही, कारण रंग किती गेला हे वस्तू किती लांब आहे त्यावर ठरतं. डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी २०१९ मध्ये मांडलेली ‘सी-थ्रू’ पद्धत प्रत्येक पिक्सेलचं अंतर लक्षात घेऊन रंग परत आणते. तुमच्याकडे ती नसली तरी तत्त्व लक्षात ठेवा: सगळे फोटो एकाच उंचीवरून घेतले असतील तर सगळ्यांना एकच दुरुस्ती लागू पडते. तळाशी ठेवलेल्या पाटीवर राखाडी रंगाचा चौकोन असेल तर दुरुस्ती किती करायची तेही कळतं.

जुळणीसाठी मेटाशेप हे विकतचं, तर कोलमॅप आणि मेशरूम ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. फोटोंतले समान ठिपके शोधून ती प्रत्येक फोटोची जागा आणि तळाचा त्रिमितीय आकार दोन्ही काढतात. टायटॅनिकचं २०२२ मध्ये जे पूर्ण स्कॅनिंग झालं, त्यात रोबोंनी काढलेल्या सात लाखांहून अधिक फोटोंवर हेच तत्त्व लावलं गेलं.

एक खोट मात्र आवर्जून तपासा. लेन्सचं कॅलिब्रेशन कच्चं असेल तर सपाट तळ मधोमध फुगलेला किंवा खोलगट दिसतो, आणि डोळ्यांना तो खराही वाटतो. चार कोपऱ्यांच्या आणि मधल्या एखाद्या खुणेच्या मोजलेल्या खोलीशी ताडून बघा. मोजपट्ट्यांपैकी एक हिशेबात न घेता मुद्दाम बाजूला ठेवा आणि शेवटी नकाशावर मोजा. अर्ध्या मीटरची पट्टी ५१ सेंटिमीटर भरत असेल तर तुमच्या नकाशातली चूक दोन टक्के, आणि ती नकाशाच्या कोपऱ्यात लिहा.

तयार चित्र क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन त्यावर खोली, ओळी आणि नोंदी चढवता येतात. मल्टीबीमची माहिती हाती असेल तर ती स्वच्छ करायला एमबी-सिस्टीम मोफत मिळते. फोटोत काय किती आहे हे मोजायचं असेल तर कोरलनेट किंवा स्क्विडल वापरा. प्रत्येक फोटोवर यादृच्छिक ठिपके टाकून त्याखाली काय आहे ते नोंदवत जायचं.

पायरी ९: जपून ठेवा, जपून सांगा

मूळ फोटो कधीही बदलू नका. सगळ्या दुरुस्त्या प्रतींवर. फोटोंसोबत एक साधी मजकूर फाइल ठेवा: तारीख, यूटीसी वेळ, लेन्स आणि काच, पाण्याचं तापमान व क्षारता, उंची, दिव्यांची मांडणी, घड्याळांतला फरक, कोण कोण होतं. ही फाइल पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या हातात पडणार आहे असं समजून लिहा.

काम सुरू करण्यापूर्वी त्या पाण्यावर कोणाचा अधिकार आहे ते विचारून परवानगी घ्या. बुडालेल्या जहाजांबाबत विशेष काळजी हवी. पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाबद्दलचा युनेस्कोचा २००१ चा करार शंभर वर्षांहून जास्त काळ पाण्यात असलेल्या अवशेषांना लागू होतो आणि ते जागच्या जागी जपण्याला पहिलं प्राधान्य देतो. काही सापडलं तर हात लावायचा नाही, संबंधित खात्याला कळवायचं, आणि नेमके अक्षांश-रेखांश लोकांसमोर टाकायचे नाहीत. फोटो फाइलमध्ये जागेची नोंद चढवलेली असू शकते. प्रसिद्ध करण्याच्या प्रतीतून ती काढून टाका.

त्याच जागी पुन्हा यायचं असेल तर आताच सोय करा. सिडनी विद्यापीठाचा सिरियस हा एयूव्ही तळापासून दोनेक मीटरवरून जोड-कॅमेऱ्याने फोटो घेत ऑस्ट्रेलियाभोवतीच्या ठरलेल्या जागा पुन्हा पुन्हा टिपत आला आहे. त्यामुळे तळावरचा बदल एकेका प्रवाळापर्यंत ताडून पाहता येतो. तुम्हाला हे दोन कायमच्या खुणांवर जमेल. परवानगी असेल तर खडकावर, जिवंत प्रवाळ टाळून, दोन स्टीलच्या खुंट्या पक्क्या करा, त्यांच्यातलं अंतर आणि दिशा मोजा, आणि पुढच्या वेळी त्याच महिन्यात, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने पहिली ओळ या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत घ्या.